झडतीवाल्या गवाणकरबाई

गवाणकरबाईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझी वेणी सोडली तेव्हा. नोकरीचा पहिलाच दिवस होता. साकीनाक्याला फाउंटन पेनच्या निबा बनवणारा एक कारखाना होता आणि त्याच्या टाइम ऑफिसात मी हजेरीची कारकून म्हणून लागले होते. संध्याकाळी भोंगा झाला, पर्स उचलून मी बायकांच्या गेटकडे गेले, तर खाकी साडीतली एक उंच, हाडकुळी बाई आडवी आली.

"हात वर," ती म्हणाली.

"मी ऑफिसात आहे," मी म्हटलं.

"मग? ऑफिसातल्यांका केस नसतत?"

असं म्हणून तिने माझी वेणी मुळापासून सोडली, पाचही बोटं केसांतून फिरवली, पर्स उलटी केली, चपला काढायला लावल्या, आणि मग काही न विचारता वेणी पुन्हा घालूनही दिली. माझी आई घालायची त्यापेक्षा घट्ट घातली होती.

निब म्हणजे करंगळीच्या नखाएवढी वस्तू. पोलक्याच्या बाहीत मूठभर सहज मावतात, अंबाड्यात त्याहून जास्त. सोनेरी मुलाम्याच्या निबांना बाहेर चोरून गिऱ्हाईक होतं, म्हणून सुटताना प्रत्येक बाईला गवाणकरबाईंच्या हाताखालून जावं लागे. पुरुषांच्या गेटवर एक पहारेकरी खिसे चाचपून सोडून देई. साहेब आणि सुपरवायझर यांची झडती नसे, ते स्कूटरला किक मारून सरळ बाहेर पडत. त्याचं तेव्हा कोणालाच काही वाटत नव्हतं. बाईंना तर मुळीच नाही.

बाई मूळच्या मालवणकडच्या. साहेबांशी शुद्ध बोलायच्या आणि आमच्याशी त्यांना हवं तसं. त्यांचा एक सिद्धांत होता. "तोंड बघू नये चेडवा, पाय बघावेत. तोंडाक शिकवता येता, पायांक नाय." ज्या बाईकडे काही असतं तिचे पाय गेटच्या चार पावलं आधी जड होतात, असं त्या सांगत. मीही मग रांगेतले पाय बघायला लागले. मला सगळेच पाय जड वाटायचे. दहा तास उभं राहून काम केल्यावर दुसरं काय होणार, असं मी एकदा म्हटलं, तर बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की त्या दिवशी माझे पायही त्यांनी नीट तपासले असावेत.

एकदा पॅकिंगमधली एक बाई डब्यात अर्धा भात शिल्लक ठेवून निघाली. बाईंनी डबा उघडला, भाताचा वास घेतला आणि म्हणाल्या, "जेवलीस नाय?" ती म्हणाली, "पोट बरं नव्हतं." बाई म्हणाल्या, "दुपारी पंगतीत तूच दुसऱ्यांदा भाजी मागत होतीस." मग त्यांनी हाताने भात कालवला. वीस-बावीस निबा निघाल्या. ती बाई पाया पडली, रडली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला साहेबांच्या केबिनपर्यंत नेलं आणि परत येऊन पुढच्या बाईला "हात वर" म्हणाल्या. त्या दिवसापासून कोणी डब्यात घासही उरवत नसे.

कारखान्याबाहेरही हा संशय त्यांच्यासोबत चालायचा. आमच्याकडे सत्यनारायणाला आल्या, तर प्रसादापेक्षा त्यांचं लक्ष चपलांच्या ढिगाकडे. भाजीवाल्याने दिलेली जुडी त्या तिथेच सोडून आतल्या काड्या बघत. मला कावीळ झाली तेव्हा भेटायला आल्या, शेजारणीने आणलेल्या पेजेचं झाकण उघडून बघितलं आणि मला विचारलं, "हिचा नि तुझ्या आयेचा बरा आसा ना?" मी हसले, तर रागावल्या. "हस तू. माणूस काय घेऊन येता आणि काय घेऊन जाता, ह्या बघणारा कोणतरी लागता."

पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. सगळ्या बायका गेल्या की बाई मला बोलावून म्हणत, "आता माझी घे." रोज. मी आपली लाजत वरवर हात फिरवायची. त्यावर त्या ओरडत, "ही काय झडती? अंबाडो सोड माझो." त्यांचे केस पांढरे आणि फार विरळ होते. ते सोडताना मला कसंसंच व्हायचं. पण त्यांच्या हाताखालून जाण्याची चीड मला पुढे कधी आली नाही, ती या सवयीमुळे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर निबा गायब व्हायला लागल्या. थोड्याथोडक्या नाहीत, खोकीच्या खोकी. मोठ्या साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं. साहेब म्हणाले, "माल बायकांच्याच खात्यातून जातोय. एक तर चोर आणून दाखवा, नाहीतर तुम्हीही त्यात आहात असं मी समजेन." बाई बाहेर आल्या आणि माझ्या टेबलाशी पाणी प्यायल्या. निम्मं पाणी पदरावर सांडलं. चौदा वर्षं गेटवर उभ्या होत्या त्या. कोणी त्यांना खडूस म्हणे, कोणी हडळ म्हणे, पण चोर आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. गेटवर दुप्पट वेळ लागायला लागला. बायका कुरकुरायला लागल्या आणि एकमेकींकडेही वाकड्या नजरेने बघायला लागल्या. जिने नवी साडी नेसली तिच्याकडे सगळ्यांचे डोळे. मीसुद्धा त्यातलीच. हजेरी घेताना कोण उशिरा आली, कोण मधेच बाथरूमला गेली, हे एका कागदावर लिहून मी बाईंना द्यायची. मला वाटायचं, आपण त्यांना मदत करतोय.

जानेवारीत बायकांची सहल ठरली, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात. दरवर्षी सहल निघे आणि बाई कधीच येत नसत. झडती घेणारीने झडती देणारींबरोबर पुरीभाजी खाऊ नये, असा त्यांचा नियम होता. त्या वर्षी मात्र वर्गणी त्यांनी सगळ्यांच्या आधी दिली. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गेटवरसून माल जाणा नाय, ह्या मी शपथेवर सांगतंय. म्हणजे तो आत खंयतरी दडवलेलो आसा आणि थोडो थोडो भायर पडता. जंगलात कोण कोणाक काय देता, कोण बघणार? तू माझ्याबरोबर रव." विचार तर्काला धरून होता. निदान मला वाटला.

बाई खाकी साडीतच आल्या. पार्काच्या फाटकाशी बस थांबली, तिकिटं फाडून झाली आणि डोकी मोजायला बाई आत जाऊन उभ्या राहिल्या. मग एक गंमत झाली. पहिली बाई फाटकातून आत शिरली, समोर खाकी साडी दिसली आणि तिचे दोन्ही हात आपसूक वर गेले. तिच्या मागचीचेही गेले. बाईंनीही सवयीने हात पुढे केला, तेव्हा कुठे दोघींच्या लक्षात आलं. सगळ्या पोट धरून हसल्या. त्यातल्या त्यात मालती जोरात हसली. बाई हसल्या नाहीत. त्या तेवढ्यातही मालतीच्या हातातल्या पिशवीकडे बघत होत्या.

मालती पॅकिंगमध्ये होती. वेसाव्याची कोळीण, पस्तिशीची, जाड अंबाडा आणि त्यात अबोलीचा गजरा. ती तोंडाची फटकळ होती आणि झडतीच्या वेळी बाईंना "लवकर आटप गो, माजी बस जाईल" म्हणायची हिंमत फक्त तिच्यात होती. त्या दिवशी तिच्याकडे रेक्झिनची मोठी पिशवी होती आणि बसमध्ये तिने ती मांडीवरून खाली ठेवली नव्हती. पिशवीला सुक्या बोंबलांचा वास येत होता. बायका नाकाला पदर लावत होत्या. बाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "सहलीक कोण सुके बोंबील आणता? वर बोंबील ठेवल्यावर खाली हात कोण घालतला?"

एकदा हे ऐकल्यावर मला दुसरं काही सुचेना. तलावाकाठी सतरंज्या पसरल्या, भेंड्या सुरू झाल्या, कोणी हरणं बघायला गेलं, कोणी छोट्या आगगाडीच्या रांगेत लागलं. मी मालतीकडे चोरून बघत होते. ती दोनदा घड्याळाकडे बघताना दिसली. जेवताना पुऱ्या भराभर गिळल्या. जेवण झाल्यावर "जरा पाय मोकळे करून येते" म्हणाली आणि पिशवी घेऊन एकटीच कान्हेरीच्या रस्त्याने निघाली.

आम्ही दोघी तिच्या मागे. रस्ता सोडून ती ओढ्याच्या बाजूने पायवाटेला लागली. वाट पायाखालची असावी तशी चालत होती. खाली सागाची मोठी वाळलेली पानं होती, त्यांचा आवाज होऊ नये म्हणून बाईंनी चपला काढून हातात घेतल्या, मीही घेतल्या. साठीला आलेली बाई आणि मी, अनवाणी, झाडाआडून झाडाआड. तेव्हा हे मला हास्यास्पद वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती.

एका मोठ्या खडकाशी मालती थांबली. वरच्या झाडीतून तीन बायका उतरल्या, पार्कातल्या पाड्यावरच्या. त्यांच्याकडे गाठोडी होती. मालतीने पिशवीतून वर्तमानपत्राचं पुडकं काढून त्यातल्या वयस्क बाईच्या हातात दिलं.

"बघ," गवाणकरबाई मला म्हणाल्या आणि धावल्याच.

पुढचं मला थोडक्यात सांगायचंय. बाईंनी मालतीचा दंड धरला. पुडकं हिसकावून खाली टाकलं. मला म्हणाल्या, "पिशवी उलटी कर," आणि मी केली. हे लिहिताना मला आजही लाज वाटते. बोंबील, जवळा, सोडे, सगळं मातीत पडलं. मग बाईंनी मालतीचा अंबाडा सोडला. गजरा तुटून खाली पडला. त्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या, पुन्हा पुन्हा, जणू निबा तिथे असायलाच हव्या होत्या. काही नव्हतं. पाड्यावरच्या तिघी गाठोडी तिथेच टाकून झाडीत पळाल्या. एका गाठोड्यातून शिकेकाईच्या शेंगा सांडल्या होत्या.

मालती ओरडली नाही. केस मोकळे तसेच राहू देऊन ती म्हणाली, "गेटवर रोज हात वर करते ना मी? पगार घेते म्हणून करते. हितं तू माजी कोण गो?"

बाईंनी तिच्या दंडावरचा हात काढला.

"पुडकं दिलं ना मी, ती लखमी," मालती म्हणाली. "तिची आवस माज्या आवशीला शिकेकाई नि आवळे द्यायची आणि आमी सुकं म्हावरं. तराजू नाय, पैसे नाय. माजी आवस मेली तरी मी येते, ती येते. तिच्यासमोर तू मला चोर केलंस."

सोमवारी मालती कामावर आली नाही. मंगळवारी तिच्या भावाने राजीनाम्याची चिठ्ठी आणून दिली. बाईंनी ती वाचायला मागितली, वाचली आणि म्हणाल्या, "पळाली म्हणजे काहीतरी आसतलाच." पण आवाजात जोर नव्हता. आणि निबा गायब होतच राहिल्या.

शिमग्याच्या सुमारास चोर सापडला. पॅकिंगच्या सुपरवायझरची स्कूटर फाटकाबाहेर घसरली, डिकी उघडली आणि रस्ताभर सोनेरी निबा पसरल्या. त्या वेचायला बाईच पहिल्या धावल्या. गुडघ्यांवर बसून त्या एकेक निब उचलत होत्या आणि मधेच थांबल्या. मोठ्या साहेबांनी नंतर त्यांना बोलावून "मनावर घेऊ नका" म्हटलं. त्या आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. "चौदा वर्सा तो माणूस माझ्यासमोरसून जाय होतो," त्या म्हणाल्या. "मी त्याका नमस्कार करी होतंय."

त्याच शनिवारी मला घेऊन त्या अंधेरीच्या बाजारात गेल्या. नोकरी सोडल्यापासून मालती तिथे मासळी घेऊन बसायला लागली होती. बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी चुकलंय." हे दोन शब्द त्यांनी त्यापूर्वी कधी उच्चारले असतील असं मला वाटत नाही. गिऱ्हाइकाचं पापलेट कापता कापता मालती म्हणाली, "मला सांगून काय करू? माजं पोट भरतंय. लखमी येत नाय त्या दिवसापासून. मी चार रविवार जाऊन आले. आवशीपासूनचं होतं ते. चुकलीस तर तिला सांग."

म्हणून बाई दर रविवारी पार्कात जायला लागल्या. मरोळच्या आपल्या खोलीहून दोन बस बदलून, उन्हाचं, चपला घासत त्या खडकापर्यंत. तिथे दुपारपर्यंत बसायच्या. लखमीला नाव घेऊन हाक मारायचा त्यांना धीर होत नव्हता, पाडा शोधायला जावं तर कोणत्या तोंडाने जाणार. माणसाने ओळखावं म्हणून खाकी साडीच नेसून जात. "तिना माका एकदाच बघितलेला, दुसऱ्या लुगड्यात ओळखूची नाय," असं त्यांचं म्हणणं. दोनतीनदा मी सोबत गेले. फांदी हलली की त्या उठून उभ्या राहत. वानर असायचं.

"येवची नाय ती," एकदा मी म्हटलं.

"येतली. माझ्याच्यान सांगल्याशिवाय मराक होवचा नाय."

मे महिन्यात माझं लग्न ठरलं. लग्नानंतर मी नाशिकला जाणार होते, कारखान्याची नोकरीही सुटली होती. शेवटच्या रविवारी मी बाईंबरोबर गेले. करवंदं पिकली होती. खडकाशी पोहोचून बसतो न बसतो तोच मागून मालती आली. हातात तीच रेक्झिनची पिशवी. बाईंना बघून ती जागीच थबकली.

"म्हणजे खरंच दर रविवारी येतेस?" तिने विचारलं.

"होय. तुझ्या लखमीक सांगूक."

मालती बाईंच्या साडीकडे बघत राहिली. मग पिशवी खाली ठेवून म्हणाली, "बाई, काल लखमीची सून बाजारात आली होती. मी विचारलं, का गो येत नाय? ती म्हणाली, कशा येणार, ती खाकीवाली बसलेली असते तिकडं. दर रविवारी. कोणाला धरायला बसते ती?" मालती थांबली. "मी चोर आहे असं त्यांना कधी वाटलंच नाय. त्या मला नाय घाबरत. तुला घाबरतात."

बाईंचा हात खडकावर होता. तो त्यांनी उचलून मांडीवर घेतला. वरच्या झाडीत कोणीतरी होतं. आम्हा तिघींनाही ते कळत होतं.

"मी हाक मारून सांगतंय," बाई म्हणाल्या. "हंयसूनच."

"मार हाक. पळतील," मालती म्हणाली. यात राग नव्हता. "तू आहेस तवर त्या खाली उतरायच्या नाहीत. आणि तू गेल्यावर तुजं कोण सांगणार? मीच सांगेन, जमेल तसं."

इतक्या रविवारांचं साठवलेलं एक वाक्य बाईंच्या तोंडाशी होतं आणि ते बोलायला माणूस पन्नास पावलांवर होतं. मला त्यांची फार दया आली. शेवटी त्यांनी पदर खोचला, खडकाला धरून उठल्या आणि मला म्हणाल्या, "तू रव. ती येता काय बघ." मग मालतीला म्हणाल्या, "माझा काय एक सांगू नको. तुमचा तुम्ही बघा."

त्या ओढ्याच्या कडेने निघाल्या. ऊन पानांतून त्यांच्या पाठीवर पडत होतं. पायवाट वळते तिथे थोड्या थांबल्या, मला वाटलं परत येतील, पण चप्पल नीट करून पुढे गेल्या. खाकी साडी बराच वेळ झाडांमधून दिसत राहिली आणि मग दिसेनाशी झाली. पुढे मी नाशिकला गेले, बाई गावी गेल्याचं कानावर आलं. आमची भेट पुन्हा झाली नाही.

मालती आणि मी तिथेच थांबलो. पाचएक मिनिटं गेली असतील. वरची पानं वाजली, आधी एक पोरगी उतरली, मग तिच्यामागे लखमी, डोक्यावर करवंदांची पाटी. पाटी खाली ठेवण्याआधी तिने वाटेकडे मान उंच करून बघितलं आणि मग मला विचारलं,

"गेली ना ती?"

"गेली," मी म्हटलं.